जीवाणुरक्तता

रक्तप्रवाहात जिवंत जीवाणू आढळणे म्हणजे जीवाणुरक्तता. रुग्णालयात नातेवाइकांच्या कानी ती ‘रक्तात इन्फेक्शन पसरलंय’ अशी पडते. निरोगी माणसाचे रक्त निर्जंतुक असते. तरीही दात काढताना, इतकेच काय ब्रश करतानाही हिरड्यांतले जीवाणू रक्तात शिरतात. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी थोड्याच वेळात त्यांचा फडशा पाडतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. हृदयात कृत्रिम झडप असेल तर मात्र ते तिथे ठाण मांडू शकतात, म्हणून अशा रुग्णाला दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस देतात.

टिकून राहणारी जीवाणुरक्तता बहुधा दुसऱ्या एखाद्या संसर्गातून येते: मूत्रमार्ग, फुप्फुस, पित्ताशय, शिरेत बरेच दिवस राहिलेली नळी, चिघळलेली जखम. आषाढी वारीत पुण्यापर्यंत चालत आलेल्या मधुमेही वारकऱ्याला तळपायाचा फोड जाणवतही नाही. तो चिघळला की तेवढी वाटही जीवाणूंना पुरते. टायफॉइड तर सुरुवातीला रक्तातलाच आजार असतो.

प्लेगमध्ये काखेतल्या किंवा जांघेतल्या गाठीतून जीवाणू रक्तात उतरले की रोगी झपाट्याने खालावतो. मुंढव्याच्या आजारी मुलाला उचलून आपला दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथे आधी पेनिसिलिन आणि पुढे प्लेगवरही चालणारे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले.

हुडहुडी भरून येणारा ताप हे नेहमीचे लक्षण. म्हाताऱ्या माणसांत ताप न येता नुसते असंबद्ध बोलणे सुरू होते, तान्हे बाळ दूध ओढेनासे होते. धाप, कमी झालेली लघवी, उतरलेला रक्तदाब ही सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागल्याची चिन्हे; तिथे तासातासाला महत्त्व असते.

निदानाची मुख्य तपासणी ब्लड कल्चर. त्वचा नीट पुसून, कोरडी होऊ देऊन, दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घेतात. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त भरतात. ते कमी भरले तर जीवाणू हाती न लागण्याची शक्यता वाढते. बाटल्या उबदार यंत्रात साधारण ५ दिवस ठेवतात. जीवाणू वाढले की ते सोडत असलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडवरून यंत्र इशारा देते, बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांतच. एकाच बाटलीत त्वचेवरचा निरुपद्रवी जीवाणू उगवला तर तो रक्त काढतानाच आत गेलेला असण्याची शक्यता जास्त.

हे सगळे प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसआधी व्हायला हवे. पावसाळ्यात ताप आला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून दोन दिवस घ्यायच्या आणि मग दवाखाना गाठायचा, ही सवय इथेच घात करते. कल्चर निगेटिव्ह येते, जीवाणू कोणता ते कळत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने भारी औषध चालवावे लागते. मात्र रुग्ण सेप्सिसमध्ये असेल तर कल्चरसाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

रिपोर्ट आला की त्या जीवाणूवर नेमके लागू पडणारे औषध निवडतात. पू साचला असेल तर काढतात, संसर्ग झालेली नळी बदलतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सापडला तर हृदयाचा इको करून झडपा पाहतात आणि ताप उतरला तरी किमान १४ दिवस औषध सुरू ठेवतात.