सर्जरीची पोस्टिंग

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने ठरावीक आठवडे शल्यचिकित्सा विभागात राहून रुग्णाच्या खाटेशेजारी घ्यायचे शिक्षण. भारतात ते दोन टप्प्यांत होते. दुसऱ्या वर्षापासून विद्यार्थी क्लिनिकसाठी, म्हणजे रुग्ण तपासायला शिकण्यासाठी, वॉर्डात जाऊ लागतो. अंतिम परीक्षेनंतर, वर्षभराच्या फिरत्या इंटर्नशिपमध्ये, तो पुन्हा तिथेच येतो, पण आता कामाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांत इंटर्नशिपमधील जनरल सर्जरीला ६ आठवडे आणि भूलशास्त्राला २ आठवडे दिले आहेत.

विभाग युनिटांत, म्हणजे डॉक्टरांच्या गटांत, वाटलेला असतो. ओपीडी, ओटी (शस्त्रक्रियागृह) आणि इमर्जन्सी यांचे प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात. पहिल्या टप्प्यात शिकायचे ते केस घेणे, म्हणजे रुग्णाची विचारपूस आणि तपासणी: हर्नियाच्या रुग्णाला उभे करून खोकायला सांगणे, गळ्याची गाठ गिळताना वर सरकते का हे पाहणे, पायावरच्या व्रणाची कड आणि तळ नीट तपासणे. पोट तपासताना दुखरी जागा सर्वांत शेवटी दाबायची, हे इथेच शिकवले जाते. एकाच रुग्णाला एका सकाळी अनेक विद्यार्थी तपासतात, म्हणून त्याची परवानगी दर वेळी विचारलीच पाहिजे.

नवख्यांना ओढ असते ती ओटीची. निर्जंतुकतेची शिस्त तिथेच अंगवळणी पडते हे खरे. पण वाट्याला येते ते बहुधा वॉश घेऊन (हात निर्जंतुक धुऊन) रिट्रॅक्टर, म्हणजे जखमेच्या कडा बाजूला ओढून ठेवणारे हत्यार, धरणे. हात बसतो तो कॅज्युअल्टीत (अपघात विभागात) आणि ड्रेसिंगच्या खोलीत. टाके घालणे, गळवाला चीर देऊन पू काढणे, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) व लघवीसाठी कॅथेटर टाकणे, मधुमेही पायाचे रोजचे ड्रेसिंग ही कामे पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने करावी लागतात. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना बंधपत्रित सेवा (ठरावीक काळ सक्तीची सरकारी सेवा) असल्याने ती वेळ लगेचच येते. लाकडासारखे कडक झालेले पोट ओळखून रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवणे हेही त्यातलेच, आणि जीव वाचतो तो बऱ्याचदा त्यामुळेच.

माणसावर हात चालवण्याआधी सराव हवा, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात कोहळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा आणि कापडावर व मऊ चामड्यावर शिवण्याचा सराव सांगितला आहे. आज त्यासाठी महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा असतात.

गर्दीच्या रुग्णालयांत इंटर्नचा बराच वेळ रक्ताचे नमुने पोहोचवण्यात आणि रिपोर्ट आणण्यात जातो. उरलेला पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा अभ्यास खातो. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, सह्या मात्र पूर्ण होतात. न घातलेल्या टाक्यांवरची सही पुढच्या रुग्णाला महाग पडते, त्यामुळे युनिटमधील वरिष्ठांनी काम स्वतः पाहूनच ती करावी.