इटलीच्या विद्यापीठातलं ‘ॲडव्हान्स्ड’ इटालियन : थोडी पार्श्वभूमी

पेरुजाच्या विद्यापीठाची इटालियन भाषेची परीक्षा ‘चेली’, सिएनाच्या विद्यापीठाची ‘चिल्स’. भाषा किती येते ते मोजायची युरोपची सहा पायऱ्यांची शिडी आहे, तळाला ए१, मग ए२, बी१, बी२, सी१, आणि वर सी२. चेली ३ म्हणजे बी२, चिल्स ३ म्हणजे सी१. दोन्ही परीक्षा सरकारमान्य, दोन्ही परदेशी लोकांसाठीच, दोन्ही शहरांत जेमतेम शंभरेक किलोमीटरचं अंतर, आणि तरी कुणी ‘मी तीन नंबर पास आहे’ म्हणालं तर त्याला किती इटालियन येतं ते कळायला मार्ग नाही. कारण साधं आहे, चेली १ सुरू होते ए२ पासून आणि चिल्स १ सुरू होते बी१ पासून. चेली १९८७ची, चिल्स १९९३ची, युरोपची ती शिडी छापून आली २००१ला, म्हणजे नंबर आधी पडले आणि शिडी नंतर लावली.

त्या शिडीवरच्या पायऱ्यांची इटालियन नावंही बघा: संपर्क, जगण्यापुरतं, उंबरठा, प्रगती, परिणामकारकता, प्रभुत्व. यात ‘ॲडव्हान्स्ड’ कुठेच नाही. हा शब्द आपण (आणि क्लासवाले) बाहेरून चिकटवतो, आणि मग प्रत्येकाचा अर्थ वेगळा. इटालियन माध्यमाच्या पदवीला प्रवेश हवा असेल तर परदेशी विद्यार्थ्याकडे बी२ मागतात, म्हणून ॲडमिशनच्या धावपळीतल्या पोराला बी२ म्हणजेच ॲडव्हान्स्ड. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने बी२ ही ‘प्रगती’ची पायरी, खरं काम सी१ ला सुरू होतं. आणि जो इटालियन हाच विषय घेऊन मास्टर्स करतोय त्याच्यासाठी ॲडव्हान्स्ड म्हणजे चौदाव्या शतकातलं गद्य वाचून त्यातल्या वाक्यरचनेवर बोलता येणं. तिन्ही माणसं एकाच कॉरिडॉरमध्ये उभी असतात आणि एकच शब्द वापरतात.

जुना इतिहास फार उगाळत नाही. महाकवी दान्तेने बोलीभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, १५२५ला व्हेनिसच्या एका विद्वानाने (पुढे कार्डिनल झाला) लिहायचं तर दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्लॉरेन्ससारखं लिहा असं ठरवून टाकलं, १५८३ला फ्लॉरेन्समध्ये भाषेचं पीठ चाळून कोंडा वेगळा करायचा वसा घेतलेली अकादमी निघाली आणि १६१२ला तिचा शब्दकोश आला, हे सगळं कुठल्याही पुस्तकात आहे. विद्यापीठाच्या बाबतीत मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. विद्यापीठात ‘तोस्कानाची भाषा’ (फ्लॉरेन्स आणि सिएना ज्यात येतात त्या प्रांताची) शिकवायचं पहिलं अध्यासन निघालं ते सिएनाला, १५८८च्या सुमारास, आणि ते मुख्यतः तिथे शिकायला येणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांसाठी होतं. बाकी सगळं, कायदा, वैद्यक, तत्त्वज्ञान, लॅटिनमध्ये. म्हणजे इटालियन हा विद्यापीठाचा विषय झाला तोच परदेशी पोरांमुळे. इटालियन पोरांना तो शिकवायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नाही. विषय सोडा, माध्यम म्हणून इटालियन यायलाही पुढे दीडशेहून जास्त वर्षं लागली, नेपल्सला १७५४ला अर्थशास्त्राचं नवं अध्यासन निघालं तेव्हा तिथल्या प्राध्यापकाने व्याख्यानं इटालियनमध्ये द्यायला घेतली आणि ती तेव्हा बातमी होती. १८६१ला देश एक झाला तेव्हा इटालियन खरोखर बोलता येणारे किती होते यावर अजून भांडण आहे, एक हिशोब म्हणतो अडीच टक्के, दुसरा म्हणतो दहाच्या आसपास. कुठलाही धरा, बाकीचे आपापली बोली बोलत होते.

विसाव्या शतकात सिएनाला १९१७ला परदेशी लोकांसाठी इटालियनचे वर्ग सुरू झाले, पेरुजाला १९२१ला व्याख्यानमाला आणि १९२५ला रीतसर ‘परदेशीयांसाठीचं विद्यापीठ’. १९२२पासून सत्ता मुसोलिनीच्या फॅसिस्टांची होती. त्या राजवटीला इटालियन बाहेर पसरवायचं होतं आणि घरात चोख करायचं होतं, १९३८ला तर समोरच्याला आदराने ‘लेई’ म्हणू नका, ‘वोई’ म्हणा असा फतवा निघाला (लोकांनी युद्ध संपल्यावर निवांतपणे परत लेई सुरू केलं). या दोन्ही संस्थांना बाकी विद्यापीठांच्या रांगेत बसवणारा कायदा मात्र आला १९९२ला.

याच राजवटीत १९३३ला विद्यापीठांचा एक एकत्रित कायदा झाला आणि त्याच्या कलम २७१ मध्ये एक ओळ बसली: सगळ्या विद्यापीठांत शिकवण्याची आणि परीक्षांची अधिकृत भाषा इटालियन असेल. राजा गेला, राजवट गेली, १९४८ला राज्यघटना आली, तिच्यात ‘देशाची भाषा इटालियन’ असं वाक्यच नाही (भाषिक अल्पसंख्याकांचं संरक्षण आहे, कलम ६), पण ही ओळ तशीच राहिली. जवळजवळ ऐंशी वर्षं तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग २०१२. मिलानच्या मोठ्या सरकारी तांत्रिक विद्यापीठाने ठरवलं की २०१४ पासून मास्टर्स आणि पीएचडी सगळं फक्त इंग्रजीत. ‘फक्त’ हा शब्द महत्त्वाचा, कारण इंग्रजी कोर्स तिथे आधीही होते आणि त्यावर कुणाचं फारसं म्हणणं नव्हतं. आधार घेतला २०१०च्या विद्यापीठ सुधारणा कायद्याचा. त्यात म्हटलं होतं की विद्यापीठांनी आंतरराष्ट्रीयीकरण वाढवावं, ‘आंके’ म्हणजे ‘सुद्धा’, परकीय भाषेत विषय आणि अभ्यासक्रम चालवूनसुद्धा. शंभरेक प्राध्यापक कोर्टात गेले. हे प्राध्यापक कुणी भाषावाले कवी नव्हेत, इंजिनियरिंग आणि आर्किटेक्चर शिकवणारी माणसं होती. त्यांचं म्हणणं असं की मी इटालियन, समोरची बहुतेक पोरं इटालियन, आणि आम्ही एकमेकांशी तिसऱ्याच भाषेत, दोघांनाही जरा कमी येणाऱ्या, बोलायचं, आणि ज्याला ते जमत नाही त्याने घराजवळचं सरकारी विद्यापीठ सोडून जायचं, हे कुठल्या न्यायाचं? मला हा मुद्दा पटतो हे लपवत नाही. विद्यापीठाची बाजू अशी की जगभरची पोरं यायला हवीत आणि आपल्या पोरांना बाहेर नोकऱ्या मिळायला हव्यात, त्यातही खोटं काही नाही.

२०१३ला मिलानच्या प्रशासकीय न्यायालयाने निर्णय रद्द केला. विद्यापीठ आणि मंत्रालय दोघेही वर गेले, वरच्या प्रशासकीय न्यायालयाने २०१५ला प्रश्न घटनात्मक न्यायालयाकडे टाकला, आणि तिथून फेब्रुवारी २०१७ला निकाल आला, क्रमांक ४२. याला दोन्ही बाजू ‘आपण जिंकलो’ म्हणाल्या आणि गंमत म्हणजे दोघांनाही तसं म्हणायला जागा होती. इथे मराठीत लिहिताना एक घोळ होतो तो आधी सोडवतो. आपण ‘कोर्स’ म्हणतो ते दोन गोष्टींना, एक विषय किंवा पेपर (‘इन्सेन्यामेन्तो’), आणि अख्खी पदवी (‘कोर्सो दी स्तुदियो’). कोर्टाचा सगळा निकाल या फरकावर उभा आहे. अख्खी पदवी परकीय भाषेत चालवता येईल, पण तिच्या बाजूला इटालियनमधली पदवीसुद्धा हवी, नाहीतर अख्ख्या ज्ञानशाखेतून इटालियन हद्दपार होईल. सुटा पेपर मात्र, प्रमाणात आणि कारण असेल तर, पूर्ण इंग्रजीत शिकवायला हरकत नाही. २०१०चा कायदा घटनाबाह्य नाही, फक्त असा वाचला तरच. आणि इटालियनचं प्रथम स्थान घटनेला सोडता न येणारं आहे, ती भूतकाळाची औपचारिक राखण नव्हे, भाषा हा स्वतःच एक सांस्कृतिक ठेवा आहे, असं कोर्टाने लिहिलं. आपल्याकडे ‘ज्ञानभाषा’ हा शब्द भाषणात येतो, तिथे तो निकालपत्रात आला असं म्हणायला हरकत नाही.

फॅसिस्ट काळातल्या ओळीचा आधार म्हणून नाक मुरडणारे होतेच. पण कोर्टाने भार त्या ओळीवर टाकला नाही, समता, शिकवण्याचं स्वातंत्र्य आणि गुणी पण गरीब विद्यार्थ्याचा उच्च शिक्षणाचा हक्क यांवर टाकला, म्हणजे १९४८च्या घटनेवर. जानेवारी २०१८ला प्रशासकीय बाजूच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाचं अपील फेटाळलं आणि खटला संपला. इंग्रजी पदव्या संपल्या नाहीत. पुण्या-मुंबईची पोरं आजही त्याच इंग्रजी मास्टर्सला जातात, लायब्ररीत, कँटीनमध्ये इंग्रजीवर निभावतं, आणि घरमालकाशी भांडायची वेळ आली की भाषा केंद्रात जाऊन ए१ ला नाव घालतात.

एक तळटीपवजा गोष्ट. निकालाच्याच वर्षी, २०१७च्या डिसेंबरात, देशातल्या संशोधन प्रकल्पांसाठी मंत्रालयाने अनुदानाची जाहिरात काढली. अर्ज इंग्रजीत भरायचा, आणि अर्जदाराची इच्छा असेल तर इटालियनमधली प्रत ‘आंके’ जोडता येईल. इटालियन साहित्यावर संशोधन करणाऱ्यालाही हाच नियम. ज्या ‘सुद्धा’वर पाच वर्षं कोर्टकचेरी झाली ते आता इटालियनच्या वाट्याला आलं, फ्लॉरेन्सच्या अकादमीने आवाज उठवला तो यावरूनच.

आणि निकालाच्याच महिन्यात, तीन आठवडे आधी, सहाशेएक विद्यापीठ प्राध्यापकांनी सरकारला जाहीर पत्र लिहिलं होतं की आमच्या, म्हणजे इटालियन, विद्यार्थ्यांना इटालियन लिहिता येत नाही, प्राथमिक शाळेत चालतील अशा चुका पदवीला दिसतात. भाषाशास्त्रज्ञांपैकी बऱ्याच जणांना ते रडगाणं वाटलं, देश एक झाल्यापासून हीच ओरड आहे म्हणाले. पण परदेशी विद्यार्थ्याच्या बाजूने वाचलं तर पत्र मजेशीर आहे, कारण सी१ च्या वर्गात जे शिकवतात ते नेमकं हेच: वाक्यं जोडणारे शब्द, लांब वाक्य तोल न जाता पूर्ण करणं, आणि कॉन्जुन्तिवो, म्हणजे ‘मला वाटतं की’सारख्या सुरुवातीच्या पुढे येणारं क्रियापदाचं वेगळं रूप. आम्हाला पाटीवर लिहून सांगितलं की ‘प्येन्सो के सीआ’ (‘मला वाटतं की आहे’) बरोबर आणि ‘प्येन्सो के ए’ टाळा. खाली बारमध्ये गेलो तर सगळे ‘प्येन्सो के ए’. ‘प्युत्तोस्तो के’चंही तेच, खरा अर्थ ‘त्यापेक्षा’, पण उत्तरेकडून पसरलेल्या फॅशनमध्ये तो सरळ ‘किंवा’ म्हणून वापरतात, वर्गात शिकवतात की ही चूक आहे आणि दुसऱ्या मजल्यावर व्याख्याते तीच चूक रुबाबात करतात. मग ॲडव्हान्स्ड नक्की कोण?

याचा कस लागतो तोंडी परीक्षेत, कारण तिथल्या विद्यापीठात बहुतेक परीक्षा तोंडीच. तीसपैकी मार्क, अठराला पास, फारच छान झालं तर तीस आणि वर ‘लोदे’, म्हणजे खास शाबासकी. बाहेर यादीत नाव, आत प्राध्यापक, मागे पुढच्या नंबरवाले ऐकत बसलेले. ‘सी आक्कोमोदी’, बसा. ‘मी पार्ली दी...’, मला अमक्याबद्दल सांगा. ही आदरार्थी आज्ञा मुळात कॉन्जुन्तिवोचंच रूप आहे, म्हणजे परीक्षा सुरू होते तीच त्याने. आणि एक सोय अशी की मार्क आवडले नाहीत तर तिथल्या तिथे नाकारायचे आणि पुढच्या तारखेला परत बसायचं. मला माझ्या पहिल्या तोंडीला २४ देऊ केले होते, विषय येत होता, क्रियापदं तीनदा घसरली. बाणेदारपणे नाकारले, दीड महिना कॉन्जुन्तिवो घोकला, परत बसलो, २३ मिळाले, आणि या वेळी घसरला तो विषय.