इटास्काच्या तळ्याकाठी तंबू टाकायचाय? बुकिंग, परवाने आणि कागदपत्रं

मिसिसिपी नदी उगम पावते ते इटास्का तळं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात आहे. तळ्याच्या तोंडाशी मांडलेल्या दगडांवर पाय ठेवत ही एवढी मोठी नदी चालत ओलांडता येते. भोवतीचं पाइनचं जुनं रान वाचावं म्हणून १८९१ साली इथे स्टेट पार्क झालं.

कॅम्पिंगसाठी राज्याचं रहिवासी असण्याची अट नाही. भारतातून मुलांकडे आलेले आई-बाबाही बिनधास्त येऊ शकतात. ऑनलाइन बुकिंगला नाव, पत्ता, ईमेल आणि कार्ड पुरतं. पासपोर्ट किंवा रहिवासी दाखला अपलोड करावा लागत नाही. एका जागेवर जास्तीत जास्त सहा जण राहू शकतात. दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर शेजारच्या दोन जागा घ्या.

खरी कसोटी तारखेची. पोहोचण्याच्या दिवसाआधी १२० दिवस बुकिंग उघडतं, तेही सकाळी ८ वाजता. म्हणजे ३ जुलैला पोहोचायचं तर ५ मार्चला सकाळी लॉगिन करून तयार राहायला हवं. खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा आणि पसंतीच्या तीन-चार जागांचे नंबर लिहून ठेवा. पाइन रिज आणि बेअर पॉ असे दोन कॅम्पग्राउंड आहेत. पाणी जवळ हवं असेल तर बेअर पॉ बघा, मला तेच आवडतं. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर विजेची सोय असलेली जागा निवडा.

जागेच्या भाड्यात गाडीचा परवाना येत नाही, तो वेगळा काढावा लागतो: दिवसाचा किंवा वर्षाचा. वर्षाचा परवाना राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांत चालतो, त्यामुळे दोन-तीन सहली ठरल्या असतील तर तोच घ्या.

शेकोटीची लाकडं घरून आणू नका. ॲश झाडं पोखरून मारणारा किडा अशा लाकडांतूनच नव्या रानात पोहोचतो. मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच लाकडं घ्या आणि पावती जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. हा नियम मनापासून पाळा. १९०३ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी पार्कच्या कमिशनर झालेल्या मेरी गिब्स इथल्या पाइनच्या झाडांसाठी लाकूड कंपनीच्या माणसांपुढे उभ्या राहिल्या होत्या.

मासे धरायचे असतील तर मिनेसोटाच्या रहिवाशांना पार्कच्या आत सहसा लायसन्स लागत नाही. पाहुण्यांना मात्र बाहेरच्यांसाठीचं लायसन्स आधी काढावं लागतं; गळ टाकण्यापूर्वी ते खिशात असू द्या.