कॅनडातलं इंडी थिएटर आणि त्यातले वाद

कॅनडात इंडी थिएटर म्हणजे छोट्या नाटक कंपन्या, ज्यांच्याकडे बहुतेक वेळा स्वतःची जागा नसते, पगारी कलाकार नसतात, प्रत्येक नाटकासाठी नव्यानं ग्रँटचा अर्ज भरायचा, छोटा ब्लॅक बॉक्स (काळ्या भिंतींची साधी, रिकामी नाट्यखोली) भाड्यानं घ्यायचा, थोडे दिवस प्रयोग लावायचे आणि मग सगळे परत आपापल्या नोकरीवर. टोरंटो, माँट्रियल, व्हँकुव्हर, एडमंटन ही मुख्य केंद्रं. ह्या चळवळीचा इतिहास बघताना एक गोष्ट सारखी जाणवते, की तिकडचं भांडण पोलीस आणि सेन्सॉरशी फार थोडा वेळ झालं, नंतर ते झालं ते पैसा कोणाच्या हातात आणि गोष्ट कोणी सांगायची ह्यावरून.

1953 ला ऑन्टारियोत स्ट्रॅटफर्ड फेस्टिव्हल तंबूत सुरू झाला, 1957 ला कॅनडा काउन्सिल ही कलांना सरकारी पैसा देणारी संस्था आली, म्हणजे अनुदानाची सोय झाली. पण नाटकं कोणती, तर शेक्सपिअर आणि लंडन-न्यूयॉर्कहून आलेली. कॅनडाच्या लेखकाला स्टेज मिळणं मुश्किल. ह्याच रागातून टोरंटोत थिएटर पास म्यूराय (1968), मग फॅक्टरी थिएटर लॅब आणि टॅरागॉन (दोन्ही साधारण 1970) उभी राहिली. फॅक्टरी सुरू झालं ते ड्युपाँट स्ट्रीटवर एका गॅरेजच्या वर, आणि त्याचा संस्थापक केन गासनं ठरवूनच टाकलं की इथे फक्त कॅनडियन नाटकं होणार. लोकांना वाटलं महिन्याभरात गुंडाळावं लागेल, उलट जॉर्ज एफ. वॉकरसारखा लेखक तिथूनच पुढे आला.

पास म्यूरायचं द फार्म शो (1972) मात्र नीट समजून घ्यायला हवं कारण त्याशिवाय ही चळवळ कळतच नाही. दिग्दर्शक पॉल थॉम्पसन नटांना घेऊन क्लिंटन नावाच्या गावाजवळ शेतकऱ्यांमध्ये राहायला गेला, हातात स्क्रिप्ट नाही, नट शेतावर राबायचे, गप्पा ऐकायचे आणि संध्याकाळी त्यातून सीन बांधायचे. पहिला प्रयोग तिथल्याच एका गोठ्यात, ज्यांच्या आयुष्यावर नाटक तेच समोर बसलेले! नेपथ्य जवळपास नाही, ट्रॅक्टर दाखवायचा तर नटच अंगाला अंग लावून ट्रॅक्टर व्हायचे. इथूनच लोकांत राहून, सगळ्यांनी मिळून नाटक रचायची पद्धत देशभर पसरली.

त्याआधी 1969 ला ह्याच कंपनीच्या फट्झ नावाच्या नाटकावर टोरंटो पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला होता, शिक्षा झाली पण अपिलात सुटले. क्वेबेकमध्ये 1978 ला ले फे ऑं स्वाफ ह्या नाटकात कुमारी मेरीचा पुतळा बोलायला लागतो म्हणून माँट्रियलच्या आर्ट्स काउन्सिलनं पैसे नाकारले, कॅथलिक गट कोर्टात गेले, आणि थिएटरनं प्रयोग केलेच. म्हणजे पोलिसांच्या जागी अनुदान आलं ते इथेच दिसायला लागतं.

त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण समरवर्क्स. टोरंटोच्या ह्या फेस्टिव्हलमध्ये 2010 ला कॅथरीन फ्रिडचं होमग्रोन आलं, 'टोरंटो 18' ह्या दहशतवाद प्रकरणात (2006 ला बॉम्बकटाच्या आरोपावरून 18 जणांना अटक झाली होती) दोषी ठरलेल्या एका माणसाला लेखिका तुरुंगात भेटते त्याबद्दल. पहिला प्रयोग व्हायच्या आधीच पंतप्रधान कार्यालयानं जाहीर नाराजी दाखवली की सरकारी पैशावर दहशतवादाचं उदात्तीकरण होतंय. पुढच्या वर्षी फेस्टिव्हलची केंद्रीय ग्रँट गेली, साधारण 48 हजार डॉलर, म्हणजे बजेटचा पाचवा भाग. कारण ते नाटकच असं सरकारनं म्हटलं नाही, पण नाटकवाल्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि गावोगावी त्याच नाटकाची वाचनं करून पैसे गोळा केले. 2012 ला ग्रँट परत आली. नाटक न बघता त्यावर शिक्का मारणं हे कुठल्याही सरकारला शोभत नाही, हे इथे स्पष्टच म्हणायला हवं.

दुसरा धोका बोर्डाचा. ग्रँट आणि देणग्या घ्यायच्या तर कंपनी नॉन-प्रॉफिट करावी लागते, मग वर संचालक मंडळ येतं आणि संस्थापक तिथला नोकर होतो. जून 2012 मध्ये फॅक्टरीच्या बोर्डानं केन गासला काढून टाकलं, वाद होता जुन्या इमारतीच्या रिनोव्हेशनचा. ज्यानं थिएटर काढलं आणि नव्वदच्या दशकात डबघाईतून परत वर आणलं त्यालाच बाहेर! लेखक-नटांनी सह्या गोळा केल्या, बहिष्कार घातला, पण निर्णय फिरला नाही.

ह्या सगळ्यावर एक उत्तर म्हणजे फ्रिंज. 1982 ला ब्रायन पेसलीनं एडमंटनमध्ये उत्तर अमेरिकेतला पहिला फ्रिंज भरवला. नाटकं निवडली जात नाहीत, चिठ्ठ्या टाकून नंबर लागतो, मजकुरात कोणी हात घालत नाही, आणि तिकिटाची ठरलेली किंमत पूर्ण कलाकाराला. नवीन मुलांसाठी ह्याच्याइतकं उघडं दार दुसरं नाही.

गोष्ट कोणाची हा वाद गेल्या काही वर्षांत सगळ्यात तापलाय. नेटिव्ह अर्थ (1982) सारख्या आदिवासी कंपन्यांनी आणि माँट्रियलच्या तीसरी दुनिया (1981) सारख्या स्थलांतरितांच्या कंपन्यांनी आपली नाटकं आपणच करायची वाट पाडली. तीसरी दुनियाच्या राहुल वर्मांचं भोपाळ (2001) पुढे हबीब तन्वीरांनी हिंदीत जहरीली हवा म्हणून केलं. 2018 ला क्वेबेकचा नामवंत दिग्दर्शक रोबेर लपाजच्या कनाटा नाटकात कॅनडाच्या आदिवासींचा इतिहास होता आणि त्यांचा एकही नट नव्हता, आदिवासी कलाकारांनी माँट्रियलच्या ल द्व्वार ह्या फ्रेंच पेपरात खुलं पत्र लिहिलं, निर्माते मागे हटले, तरी पॅरिसला बदललेलं रूप झालंच. 2020 ला योलांडा बॉनेल ह्या आदिवासी वंशाच्या लेखिका-नटीनं आपल्या बग नाटकाचं परीक्षण गोऱ्या समीक्षकांनी करू नये अशी विनंती केली, त्यावर खूप गदारोळ झाला, पण हे नाटक आमच्यासाठी विधीच आहे, त्याला बाहेरच्या फूटपट्टीनं मोजू नका हे तिचं म्हणणं समजण्यासारखं आहे.

जानेवारी 2024 मध्ये मात्र बंदी सरकारनं घातली नाही की बोर्डानं ग्रँटसाठी घातली नाही. क्रिस्टोफर मॉरिसचं द रनर, एका इस्रायली स्वयंसेवकाबद्दलचं एकपात्री, गाझा युद्धाच्या वातावरणात व्हिक्टोरियाच्या बेलफ्री थिएटरनं निदर्शनांनंतर रद्द केलं. मग व्हँकुव्हरच्या पुश फेस्टिव्हलनंही काढलं, कारण त्याच फेस्टिव्हलमध्ये काम दाखवणाऱ्या एका पॅलेस्टिनी वंशाच्या कलाकारानं हे असेल तर मी माझं काम दाखवणार नाही असं कळवलं होतं, आणि मॉरिसनं स्वतः त्या कलाकाराचं काम दिसलं पाहिजे म्हणून माघार मान्य केली.