अप्रेंटिस घेताय की ट्रेनी? गेटवर बोर्ड लावायच्या आधी हे बघा

गेटवर बोर्ड लागतो "अप्रेंटिस पाहिजेत", पोरं आयटीआयची मार्कशीट घेऊन रांग लावतात, आणि आत गेल्यावर हातात काय पडतं तर लेटरहेडवरचं एका पानाचं पत्र, ट्रेनी म्हणून सहा महिने, कंपनी कधीही थांबवू शकते, खाली सही करा. मालकाला विचारलं तर म्हणतो अहो एकच की ते, शिकवतोच आहोत ना. एकच नाहीये हो. आणि घरी बसलेल्या पोरांना खरंच हात द्यायचा असेल तर हा फरक आधी समजून घ्या.

अप्रेंटिस म्हणजे 1961 च्या अप्रेंटिसेस ॲक्टखाली घेतलेला उमेदवार. त्याच्याशी रीतसर करार होतो, तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवावा लागतो, ट्रेड (म्हणजे फिटर, टर्नर असं काम) कुठला, महिने किती, स्टायपेंड (शिकतानाचं मानधन) किती सगळं त्यात येतं. ट्रेनी हा कंपनीने आपल्या मनाने दिलेला हुद्दा. त्यात शिकवणं असू शकतं, काही ठिकाणी तर फार चांगलं असतं, मोठ्या कंपन्यांतले ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी बघा, वर्षभर प्लॅन करून प्रत्येक डिपार्टमेंटला फिरवतात. पण काहीच शिकवलं नाही तरी कुणी विचारायला येत नाही, खरी गोम तिथे आहे.

शॉपफ्लोअरवर हा फरक लगेच दिसतो. सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमधला ट्रेनी बहुतेक वेळा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो, कडा घासतो, ट्रे भरतो. सहा महिन्यांनी त्याचा हात भरभर चालतो पण टूल झिजलं आणि माप सरकायला लागलं तर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) किती द्यायचा हे त्याला माहीत नसतं, कारण त्या क्षणी मशीन लावून देणारा सेटर येऊन त्याला म्हणतो तू हो बाजूला. अप्रेंटिसच्या बाबतीत नेमकं त्या क्षणी त्याला जवळ उभं करायचं असतं, हे बघ मायक्रोमीटर, माप घे, सांग किती गेलं, आता आकडा तू टाक. मशीन पाच मिनिटं जास्त थांबतं, प्रॉडक्शनवाला ओरडतो, ते सहन करायची तयारी मालकाची पाहिजे. नाहीतर करार पोर्टलवर आणि पोरगा कडाच घासतोय असंही होतं, कागद बरोबर म्हणजे सगळं बरोबर असं माझं अजिबात म्हणणं नाही.

आता पैशाचं. 2019 च्या नियमांत कमीत कमी स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना 5000 ते 9000 रुपये ठरवला होता, आयटीआयवाल्याला 7000, डिप्लोमाला 8000, ग्रॅज्युएटला 9000, दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के वाढ. जास्त द्यायला कुणी अडवत नाही, आणि खरं सांगायचं तर रूम आणि बसभाडं काढून एवढ्यात कुणाचं भागत नाही, तेव्हा जमत असेल तर द्याच. 2016 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के वाटा, जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार उचलतं. ट्रेनीसाठी कंपनीला यातलं काहीच मिळत नाही.

बरेच मालक जिथे फसतात ती गोष्ट पीएफ आणि ईएसआयची (कामगारांचा सरकारी विमा). ॲक्टखाली नोंदवलेला अप्रेंटिस कायद्याने कामगार धरला जात नाही, त्यामुळे त्याचा पीएफ-ईएसआय भरावा लागत नाही. काहीजण हे ऐकतात आणि आपल्या बिननोंदणीच्या ट्रेनीलाही तेच लावतात, की शिकाऊच आहे ना, कशाला कापायचं. मग कधी तपासणी आली की विचारतात करार दाखवा, हा तर मशीनवर पूर्ण शिफ्ट प्रॉडक्शन काढतोय, मग हा कामगार का नाही? थोडक्यात, चार पैसे वाचवायला गेलेला माणूस मागची वर्षं धरून भरतो. आणि अप्रेंटिस कामगार नाही म्हणून त्याला वाऱ्यावर सोडलंय असंही नाही बरं का, सेफ्टीचे नियम त्याला लागू, कामावर इजा झाली तर भरपाई लागू, परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि करार मधेच मोडायचा तर अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरकडे (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जावं लागतं, "उद्यापासून येऊ नको" इथे चालत नाही.

हे मोठ्या कंपन्यांचं काम, असं लहान वर्कशॉपवाले म्हणतात. चूक. 30 किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे (कॉन्ट्रॅक्टवाले धरून), पण 4 ते 29 माणसं असलेल्यांनाही घेता येतात, त्यांच्या मर्जीवर आहे एवढंच. माझ्या मते पोरगा सगळ्यात जास्त शिकतो तो अशाच जागी, कारण तिथे लपायला जागा नसते, एका दिवसात तीन प्रकारची कामं हातून जातात.

महाराष्ट्रात 2024 पासून यात अजून एक गोंधळ झालाय, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. बारावी पासला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000, आणि पैसे राज्य सरकार देतं. कोरी पाटी असलेल्याला ऑफिस-कारखान्याची सवय व्हायला ठीक आहे, पण ती अप्रेंटिसशिप नाही, कुठल्या ट्रेडचं राष्ट्रीय सर्टिफिकेट तिच्यातून मिळत नाही. पोराला घेतानाच हे तोंडावर सांगा, नाहीतर तो पुढे दोन्ही एकच समजून फॉर्म भरत बसतो.

नोकरीचं म्हणाल तर अप्रेंटिसला ट्रेनिंग संपल्यावर घ्यायलाच पाहिजे असं बंधन कायद्यात नाही, कंपनीने आपलं धोरण ठरवायचं असतं. मग ते खरंच ठरवा आणि ट्रेनिंग संपायच्या दोन-तीन महिने आधी त्याला सांगा, ठेवणार की नाही, म्हणजे तो बाहेर बघायला लागेल. नाही ठेवणार तर ओळखीच्या दोन कारखान्यांत फोन तरी करा. आणि ट्रेड टेस्टचा फॉर्म भरला गेला का ते ऑफिसमधल्या एका माणसावर नाव टाकून सोपवा, कारण सर्टिफिकेट ती परीक्षा पास झाल्यावरच मिळतं, नुसतं वर्ष काढून नाही, आणि एचआरला वाटतं पोरगा भरेल, पोराला वाटतं कंपनी भरेल, तेवढ्यात तारीख गेलेली असते.