बाळसे आणि लठ्ठपणाची चाहूल

दादर-गिरगावच्या घरांत पहिल्या वाढदिवसाला दोन मते हमखास ऐकू येतात. आजी कौतुकाने म्हणते, बाळाने छान बाळसे धरले आहे. आईबाप मोबाइलवर काहीबाही वाचून धास्तावलेले असतात, की हा पुढे लठ्ठ होणार. दोन्ही मते त्या दिवशीच्या बाळाकडे पाहून बनलेली असतात आणि नेमकी तिथेच चूक होते.

बाळसे काय ते कोणाला सांगायला नको. मनगटावरच्या वळ्या आणि भरलेले गाल हे तान्ह्या वयाचे लक्षणच आहे. उंचीच्या मानाने असलेले वजन, म्हणजे बीएमआय, साधारण नवव्या महिन्यापर्यंत चढतो आणि मूल चालू-धावू लागले की उतरतो.

लठ्ठपणाची चाहूल मात्र वळ्यांत दिसत नाही, ती वाढीच्या तक्त्यावरच्या रेघेत दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार दोन मुलगे घेऊ. एक जन्मताना ३.९ किलोचा, दुसरा २.९ किलोचा आणि वर्षाचे झाल्यावर दोघेही १०.८ किलोचे. तराजूला दोघे सारखेच. पण पहिला जन्मापासून ८५व्या पर्सेंटाइलच्या रेघेवर होता, म्हणजे त्याच वयाच्या शंभरांतील साधारण ८५ मुलगे त्याच्याहून हलके, आणि तो तिथेच राहिला; दुसरा १५व्या रेघेवरून ५०वी ओलांडून ८५व्या रेघेवर पोहोचला. पहिल्याचा बांधाच मोठा आहे, तर दुसऱ्याचे वजन झपाट्याने वाढले आहे. अभ्यासक पहिल्या दोन वर्षांत ०.६७ प्रमाण विचलनापेक्षा अधिक चढ, म्हणजे साधारण ५०व्या पर्सेंटाइलवरून ७५व्याच्याही वर जाणे, ही झपाट्याची वाढ मानतात आणि पुढच्या लठ्ठपणाची शक्यता अशा मुलांत अधिक आढळते. शक्यता अधिक, खात्री नव्हे.

म्हणूनच ‘वर्षात वजन तिप्पट झाले पाहिजे’ हा तोंडपाठ ठोकताळा मला खटकतो. त्याप्रमाणे पहिल्या मुलाचे वजन तिपटीलाही पोहोचत नाही, म्हणून घरचे काळजीत पडतात. दुसऱ्याचे पावणेचार पटींच्या जवळ जाते, म्हणून त्याची भरभराट मानली जाते. नेमके उलटे! आणि बाळाच्या फायलीत प्रत्येक भेटीचे वजन टिपलेले असूनही ते ठिपके कोणी तक्त्यावर मांडून जोडलेले नसतात, याचे तर मला फारच वाईट वाटते.

अर्थात कमी दिवसांच्या किंवा फारच कमी वजनाच्या बाळाने सुरुवातीला मागची उणीव भरून काढणे आवश्यकच असते. तिथे वजनासोबत लांबीही वाढते आहे का, हे पाहावे. रेघ चढली म्हणून परस्पर अंगावरचे दूध तोडणे किंवा पावडरचे दूध पातळ करणे मला मुळीच मान्य नाही.

आपल्याकडे ही सावधगिरी अधिकच लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, पण पुण्याच्या बाळांत उणीव मुख्यतः स्नायूंची होती, चरबी तितकी कमी नव्हती. म्हणजे वजन कमी म्हणून चरबीही तितकीच कमी, असे आपल्याकडे धरून चालता येत नाही.

उतरलेला बीएमआय पुन्हा चढू लागतो तो बहुधा पाच ते सात वर्षांच्या दरम्यान, आणि हे वळण पाचव्या वर्षाच्या आत आले तर लक्ष द्यावे. दिल्लीतील १४९२ जणांच्या पाहणीत, २६ ते ३२ या वयात ज्यांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते सहसा दोन वर्षांपर्यंत बारीक होते, त्यांचे हे वळण लवकर आले होते आणि बाराव्या वर्षी त्यांतील एकही लठ्ठ नव्हता. लसीकरणाच्या भेटी या वयात विरळ होतात आणि रेघ काढायची राहून जाते, म्हणून तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या वाढदिवसाला उंची व वजन दोन्ही मोजून बीएमआयच्या तक्त्यावर मांडावे.