दीर्घ उद्भासन आणि शहरातील गर्दी

दीर्घ उद्भासन म्हणजे कॅमेऱ्याचे शटर काही सेकंद, प्रसंगी काही मिनिटे उघडे ठेवून तेवढा सगळा वेळ एकाच चित्रात साठवणे. छायाचित्रकार याला सरळ ‘लाँग एक्स्पोजर’ म्हणतात. धबधबे आणि रात्रीचे रस्ते टिपण्यासाठी ही पद्धत सर्रास वापरतात; पण तिचा खरा कस लागतो तो माणसांच्या गर्दीवर. जो घाईत आहे तो चित्रातून विरून जातो आणि जो थांबला आहे तो उरतो. नाशिकच्या गोदाघाटावर हे फार स्पष्ट दिसते, म्हणून पुढची बरीचशी उदाहरणे तिथली आहेत.

साध्या चालीने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे सव्वा मीटर पुढे सरकतो. १/१२५ सेकंदात तो जेमतेम सेंटिमीटरभर हलतो, म्हणून नेहमीच्या फोटोत तो जागच्या जागी थिजलेला दिसतो. अर्ध्या सेकंदात त्याचे पाय पुसट होतात, धड ओळखू येते. चार सेकंदांत त्याचा पाच मीटरांचा फिकट पट्टा होतो. काही मिनिटांत तर तो दिसतच नाही, कारण एका जागी त्याचा प्रकाश जितका पडला त्याच्या कैकपट मागच्या भिंतीचा पडलेला असतो. भर उन्हात शटर इतका वेळ उघडे ठेवले तर चित्र पांढरेफटक होईल. त्यासाठी लेन्सवर गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर लावतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा; दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो. १/१२५ सेकंदाच्या जागी मग आठ सेकंद मिळतात. कॅमेरा मात्र तसूभरही हलता कामा नये. रहदारीच्या पुलावर ट्रायपॉड लावणाऱ्याने अवजड गाडी पुढे जाईपर्यंत थांबलेले बरे.

या पद्धतीची सुरुवात नाइलाजातून झाली. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेर याने पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले तेव्हा कॅमेऱ्यातल्या प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. घोडागाड्या आणि पादचारी सगळे नाहीसे झाले. रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस. छायाचित्रात आलेला बहुधा हाच पहिला माणूस, आणि तो आला तो केवळ थांबला म्हणून.

पुढे क्षणात प्रतिमा टिपणाऱ्या जलद प्लेट आल्या आणि हा नाइलाज संपला. समकालीन छायाचित्रकारांनी तो जाणूनबुजून परत आणला. त्यांत रशियातील अलेक्सी तितारेंको (जन्म १९६२) यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९० नंतरच्या टंचाईच्या वर्षांत, त्यांनी सेंट पीटर्सबर्गमधील मेट्रो स्थानकाच्या पायऱ्यांवरची गर्दी टिपली. माणसांचा नुसता काळसर लोंढा झाला आहे. फक्त कठड्याला धरलेले हात तेवढे दिसतात. नेदरलँड्सचे मार्टिन रोमर्स यांनी मुंबईसह जगातील महानगरांचे चौक उंचावरून टिपले. त्यांच्या चित्रांत रहदारी वाहत राहते आणि विक्रेते आपल्या जागी ठळक उभे असतात.

काळाशी खेळण्याची दुसरी वाट नाशिक जिल्ह्याच्या सुपुत्राने फार आधी चोखाळली होती. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार. १९१२ च्या सुमारास त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीच्या रोज थोड्या थोड्या चौकटी (फ्रेम) टिपल्या आणि महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. दीर्घ उद्भासन वेळेचे थर एकावर एक चढवते. फाळक्यांनी तेच थर सुटे करून ओळीने मांडले.

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. घाटावर जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. सकाळी अहिल्याबाई होळकर पुलावरून रामकुंडाकडे कॅमेरा लावून दहा-पंधरा सेकंदांचे चित्र घेतले, तर स्नानाला येणारे-जाणारे धुक्यासारखे होतात आणि पाणीही तसेच. नदी आणि माणसे यांचा पोत एक होतो. ठळक राहतात ते श्राद्धविधीला बसलेले यजमान, त्यांच्यासमोरचे गुरुजी, फुलांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया आणि नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो तेव्हा गिऱ्हाईक विरते, भाजीवाली राहते. एरवी फोटोत जिच्याकडे लक्षही जात नाही ती इथे चित्राचा खांब होते. शिवाय स्नान करणाऱ्यांचे चेहरे उमटत नाहीत, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. ओलेत्या माणसांवर लेन्स रोखणे कोणत्याही घाटावर अशोभनीयच.

सगळीच गर्दी याला मानवत नाही. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, मारलेला धप्पा (उडी) १/१००० सेकंदातच पकडावा; चार सेकंदांत त्याचा नुसता रंगीत डाग उरतो.

सिंहस्थ कुंभमेळ्यात तर विशेष भान लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. गर्दीला धुराचे, पाण्याचे देखणे रूप देणारे चित्र तिचे वजन लपवू शकते, हा या पद्धतीवरचा आक्षेप खरा आहे. पण तेच चित्र नीट वाचले तर उलटही सांगते. लोंढा जोवर पुसट आहे तोवर तो चालतो आहे. दोन-तीन सेकंदांच्या उद्भासनातही एखाद्या कोपऱ्यातले चेहरे स्पष्ट येऊ लागले, तर तिथली माणसे अडली आहेत, त्यांना पाऊल टाकायला जागा उरलेली नाही.